ऑलिव्हचा खांदा

चिंपांझी म्हणजे माकड नव्हे. त्याला शेपूट नसते. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं असेल, तितक्या वेळा रामरक्षाही म्हटली नसेल. मंडळाच्या पिकनिकला, देशी ग्रोसरीच्या रांगेत, लेकीच्या साखरपुड्यात, कुठेही कुणी विचारायचं, "वैशाली, अजून माकडांकडेच का गं?" आणि मी सुरू व्हायचे. शेवटी शेवटी सोडून दिलं. "हो, माकडांकडेच," म्हणायचे आणि पुढे सरकायचे. आपली निवृत्तीची वेळ झाली, हे मला त्यावरूनच कळलं.

मी परभणीला पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं. गाई, म्हशी, शेळ्या आणि परीक्षेपुरता घोडा. लग्न होऊन अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला आले तेव्हा त्या डिग्रीला इथे कुणी विचारेना. लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या होत्या. एक पास झाले, दुसरीत अडकले, मग मुलं झाली आणि अडकले ती अडकलेच. पुढे मुलं शाळेत जायला लागल्यावर कळलं, की उत्तरेच्या डोंगरात, आमच्या घरापासून तासा-दीड तासाच्या ड्राइव्हवर, एका संस्थेला प्राणी सांभाळायला माणसं हवी आहेत. संस्थेचं नाव इथे देत नाही. तिथल्या लोकांना प्रसिद्धीचा कंटाळा आहे, आणि मलाही.

सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे तिथे डॉक्टर म्हणून ना?"

"नाही आई, केअरगिव्हर म्हणून."

"म्हणजे काय करायचं?"

"खायला घालायचं, औषध पाजायचं, शी काढायची."

मग म्हणाल्या, "म्हणजे घरी करत होतीस तेच की!"

जागा म्हणाल तर उंच भिंतीने वेढलेलं जंगल. ओक, पाइन, मध्ये उतरता माळ, आणि एका बाजूला जाळीच्या खोल्यांची लांबलचक इमारत. तिथे आयुष्यभर प्रयोगशाळांत राहिलेले चिंपांझी आणलेले होते. लशी आणि औषधं माणसाला देण्याआधी त्यांना देऊन पाहायचे. पुढे या देशात ते काम थांबलं, तेव्हा एवढे सगळे जीव ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. चिंपांझी पन्नास-साठ वर्षं जगतो. त्याला कुत्र्यासारखं कुणाच्या घरी दत्तक देता येत नाही, कारण मनात आलं तर तो माणसाचा हात सहज मोडू शकतो. आणि रानात परत सोडता येत नाही, कारण रान म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी आणतात, ते मरेपर्यंत. खरं सांगायचं तर आम्ही वृद्धाश्रमच चालवत होतो.

कामाचा पहिला नियम, आत जायचं नाही. तुमच्या आणि त्यांच्या मध्ये कायम जाळी. दुसरा नियम, तोंडाला मास्क, कारण आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. कोविडमध्ये सगळं जग मास्कला कंटाळलं, तेव्हा आम्हाला हसू यायचं. सकाळी रताळी, कोबी, ढोबळी मिरची, कांदे चिरायचे. केळी फार कमी, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मग सगळे बाहेर जंगलात गेले की खोल्या धुवायच्या, ब्लँकेटं धुवायची, वाळवायची. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात, रबरी बूट घालून, पाण्याचा पाइप ओढत. माझे दोन्ही गुडघे त्या सिमेंटवर गेले.

आणि त्याखेरीज शिकवणं. आजारी प्राण्याला दर वेळी भूल देणारा बाण मारायचा नसेल, तर त्याने आपणहून अंग जाळीशी आणायला हवं. 'खांदा' म्हटलं की खांदा, 'पोट' म्हटलं की पोट. आणलं की दोन मनुका. कुणाला हे शिकायला महिने लागतात, कुणाला वर्षं. ज्यांनी जन्मभर सुया खाल्ल्या, त्यांना सुईसमोर आपणहून येऊन बसायला शिकवायचं. आमचा धंदा असा होता.

वर्षातून काही ठरावीक दिवशी लोकांना बघायला येऊ द्यायचे. आपली मंडळी यायची ती डबे घेऊन. एक काकू जाळीपासून लांब उभ्या राहून हात जोडून म्हणाल्या, "मारुतीरायाच्या कुळातले ना!" मी नेहमीचं वाक्य म्हटलं, शेपूट नसते वगैरे. त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे गं, नमस्कार केला तर काय बिघडलं?" खरंच काही बिघडलं नाही. फक्त समोरच्या चिंपांझीने तोंडात साठवलेलं पाणी नेम धरून त्यांच्या अंगावर फवारलं. पाहुण्यांचं असं स्वागत करणं हा त्यांचा आवडता खेळ. काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तीर्थ!"

तरुण आयटीवाल्यांचा प्रश्न ठरलेला. "मावशी, हे वाइल्ड आहेत का?" कॅमेरे गळ्यात असायचे. नाही म्हटलं की चेहरे उतरायचे. मग मी त्यांना हँक दाखवायचे. हँक प्रयोगशाळेत जन्मलेला, धिप्पाड, चार जणांना भारी. आमच्याकडे आला तेव्हा जंगलाकडचं दार उघडलं, तर हा सिमेंटच्या कडेला बसून राहिला. त्याने पायाखाली कधी गवत पाहिलेलं नव्हतं. एक पाऊल खाली टेकवायचा आणि चटका बसल्यासारखा वर घ्यायचा. वर मोकळं आभाळ, त्याचीही भीती. इतर हळूहळू बाहेर पडले. हँक शेवटपर्यंत त्या कडेलाच बसायचा. आम्ही त्याला तिथेच सावली करून दिली. पोरं विचारायची, "ही इज सो बिग, मग घाबरतो कशाला?"

वाइल्ड म्हणावी अशी आमच्याकडे एकच होती, ऑलिव्ह. आफ्रिकेच्या रानात जन्मलेली. तान्ही असताना तिला पकडून विमानाने या देशात आणलं. तान्हं पिल्लू पकडायचं तर आधी त्याच्या आईला मारावं लागतं, कारण ती जिवंतपणी सोडत नाही. त्यानंतर ऑलिव्हचं सगळं आयुष्य खोल्यांमध्ये गेलं. आमच्याकडे आली तेव्हा म्हातारी होती. केस विरळ, पाठीवर करडेपणा, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. स्वभावाने इतकी शांत, की पहिल्याच आठवड्यात डार्लीन म्हणाली, "ही तर देवमाणूस आहे." डार्लीन माझी वरिष्ठ. इथल्याच डोंगरातली, बोलणं संथ, सगळ्यांना हनी म्हणणारी.

जंगलाचं दार उघडलं त्या दिवशी ऑलिव्ह थांबली नाही. गवतातून सरळ चालत गेली, एका ओकवर चढली. म्हातारे हात थरथरत होते. वर जाऊन तिने एक फांदी वाकवून अंगाखाली घेतली, मग दुसरी, मग तिसरी, वरून पाला पसरला आणि त्यावर आडवी झाली. चिंपांझी रानात झोपायला असंच घरटं करतात. ते पिल्लू आईकडे बघून शिकतं. आमच्या इतर कुणालाही ते येत नव्हतं. डार्लीन आणि मी खाली उभ्या होतो. नंतर दोघींनी खोल्या धुतल्या.

सबनीस काकांची भेट झाली ती मंडळाच्या गणपतीत. शाळेच्या कॅफेटेरियात पंगत, कागदी ताटांत वरणभात. त्यांची मुलगी मेधा माझ्या ओळखीची, अल्फारेटातच राहते. तिने व्हीलचेअर माझ्या टेबलाशी आणली. "वैशालीताई, बाबांना तुमच्याशी बोलायचंय. काल कुणीतरी तुमच्या कामाबद्दल सांगितलं, तेव्हापासून मागे लागलेत."

काका ऐंशीच्या पुढचे. मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकून तरुणपणी इकडे आले आणि दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेत काविळीच्या लशीवर काम केलं, एवढं मी ऐकून होते. पंगतीतला गोंधळ थांबायची त्यांनी वाट पाहिली.

"तुमच्याकडे एक मादी आहे का? आता खूप वय झालं असेल. डाव्या कानाचा तुकडा नाही."

माझा घास हातातच राहिला. "ऑलिव्ह."

"नाव तेच ठेवलंत?"

"नावासकटच आली ती."

काकांनी मान हलवली. "आमच्याच एका मुलीने ठेवलं होतं. लंचमधले ऑलिव्ह द्यायची तिला. नियमात बसत नव्हतं ते." मग, "जिवंत आहे म्हणजे."

"आहे. झाडावर चढते."

"झाडावर?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मला दाखवाल एकदा?"

मी लगेच हो म्हटलं नाही. प्रयोगशाळेतले जुने लोक आमच्याकडे कधी कधी येत. त्यांच्यातले बरेच जण जीव लावणारे होते, आणि काहींना बघून प्राण्यांना आनंदही व्हायचा. पण एकदा एका जुन्या कर्मचाऱ्याला बघून एक नर किंचाळत स्वतःचाच हात चावायला लागला होता. चिंपांझी चेहरा विसरत नाही. मी डार्लीनला विचारलं.

"तो सुई घेऊन जाणारा होता की जेवण घेऊन जाणारा?" तिने विचारलं.

"सुई. पण तो म्हातारा झालाय गं. व्हीलचेअरवर आहे."

"तीही म्हातारी झालीय, हनी."

बऱ्याच चर्चेनंतर ठरलं. काकांनी आधी टीबीची टेस्ट करून घ्यायची, मास्क लावायचा, जाळीपुढच्या पिवळ्या पट्टीच्या मागे राहायचं. ऑलिव्हवर जबरदस्ती नाही. जंगलाचं दार उघडं असेल, आली तर आली. आणि ती किंचाळली, नुसती अस्वस्थ जरी झाली, तरी काकांना त्याच क्षणी बाहेर न्यायचं. मी हे सगळं फोनवर सांगितलं. काका म्हणाले, "मास्कचं काही नाही. तिने मला कायम मास्कमध्येच पाहिलंय."

ते आले तेव्हा थंडीचे दिवस सुरू झाले होते. मेधाने ड्राइव्ह केलं होतं. वाटेत ती दोघं भांडली असावीत, कारण गाडीतून उतरताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला हे अजिबात पटत नाहीये. ही वोन्ट स्लीप आफ्टर धिस. तुम्हीच सांगा ना त्यांना, ती आजारी आहे म्हणून."

"खोटं नाही सांगता येणार, मेधा."

"व्हाय नॉट?"

तिचं चुकत नव्हतं. पण काका ऐकू शकत होते. ते म्हणाले, "मेधा, खुर्ची ढकलतेस की मी ढकलू?"

आम्ही पट्टीच्या मागे थांबलो. काकांनी कोट घातला होता, केस नीट विंचरलेले होते. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. हँक त्याच्या कडेला बसला होता. त्याने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. ऑलिव्ह लांब माळावर उन्हात होती. मी हाक मारली. ती सावकाश उठली, हाताच्या मुठी टेकत टेकत आली, दारातून आत शिरली.

काका खुर्चीतून उभे राहायला लागले. मेधा म्हणाली, "बाबा, बसा," पण ते उभे राहिलेच, माझा दंड धरून.

"काय गं," ते मराठीत म्हणाले, हळूच. "कशी आहेस?"

नंतर त्यांनी मला सांगितलं, की तिथे ते तिच्याशी मराठीतच बोलायचे. सबंध इमारतीत मराठी कळणारं कुणी नव्हतं, म्हणून मनातलं बोलायला बरं पडायचं.

ऑलिव्ह थांबली. मान वाकडी करून तिने त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या तिघांत फक्त त्यांच्याकडे. मी पुढे व्हायच्या तयारीत होते. किंचाळेल, केस उभे राहतील, पाणी फवारेल, काहीतरी होईल असं वाटत होतं. ती जाळीपर्यंत आली, वळली, आमच्याकडे पाठ करून बसली आणि डावा खांदा जाळीला लावला.

मी 'खांदा' म्हटलं नव्हतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं.

ती तशीच बसून राहिली. सुईची वाट बघत. खांद्याची कातडी जाळीच्या चौकोनांतून फुगून बाहेर आलेली दिसत होती. काकांची माझ्या दंडावरची बोटं घट्ट झाली. मेधाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ओह, शी वॉन्ट्स अ स्क्रॅच? बाबा, शी रिमेंबर्स यू!"

"हो," काका म्हणाले.

मग त्यांनी पट्टीच्या अलीकडूनच दोन्ही हात पुढे केले, पंजे उघडे करून. ती पाठमोरी होती, तिला दिसणार नव्हतं. तरी त्यांनी दाखवले. "काही नाही आणलेलं गं," ते म्हणाले. "जा. जा तू. काही नाही आज."

ती गेली नाही. शेवटी मीच जाळीशी जाऊन तिला मनुका दिल्या. सुई झाली की मनुका देतो तशा. तेव्हा तिला वाटलं असावं, झालं. ती उठली, मनुका चघळत बाहेर गेली.

आम्ही काकांना बाहेर बाकाशेजारी आणलं. मेधाने थर्मासमधला चहा ओतला. त्यांनी हातात घेतला, प्यायले नाहीत. तोवर मी मेधाला समजावून सांगितलं होतं, की ते खांदा लावणं म्हणजे काय. तिचा चेहरा उतरला. ती त्यांच्या खुर्चीशी वाकली.

"बाबा, त्या काळी सगळे तेच करत होते. आणि यू सेव्ड लाइव्ह्ज. किती मुलं वाचली त्या लशीने."

"वाचली," काका म्हणाले. "तुझ्याही मुलांना टोचली ती, जन्मल्या दिवशी. मी मुद्दाम उभा होतो तिथे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पुन्हा तो काळ आला तर मी पुन्हा तेच काम करीन, बहुतेक."

"मग?"

ते माझ्याकडे वळले. मेधाला सांगायचं ते मला सांगावं तसे बोलले. "सगळे आरडाओरडा करायचे. थुंकायचे, घाण फेकायचे. त्यांना धरायला चार माणसं लागायची. ही कधीच नाही. पहिल्यापासून अशी. दार वाजलं की खांदा लावून बसायची. आम्ही म्हणायचो, गुणी आहे. गुणी म्हणून तिलाच घ्यायचो. दुसऱ्याची पाळी असली तरी. काम लवकर व्हायचं. यकृताचा तुकडा काढायचा असला तरी तिचाच. जो नाही म्हणायचा त्याला सोडून द्यायचो, आणि ती कधी नाही म्हणाली नाही."

नव्या मुली कामाला लागल्या, की आम्हीही त्यांना रक्त काढायला शिकवायचो ते ऑलिव्हवरच. ती काही करत नाही, असं म्हणायचो. आमची सुई तिच्या औषधपाण्यासाठी होती, हा फरक मोठा आहे. पण तो आम्हाला माहीत. तिला कसा कळणार?

निघताना काकांनी विचारलं, "ते झाड कुठलं?" मी लांबून ओक दाखवला. वर तिचं कालचं घरटं होतं, वाळत आलेला पाला. ते बराच वेळ मान वर करून बघत होते. "हे आम्ही नाही शिकवलं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी डार्लीनला सांगितलं, की नव्या मुलींना आता ऑलिव्हवर शिकवायचं नाही. तिने कारण विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना हँककडे पाठवावं लागेल, आणि हँक त्यांना रडवेल."

"रडू देत," मी म्हटलं.

पुढचा काळ नेहमीसारखाच गेला. काका पुन्हा आले नाहीत. मेधाने त्यांना आणलंही नसतं. पण अधूनमधून दुपारी त्यांचा फोन यायचा. फार बोलायचे नाहीत. "चढते का अजून?" एवढंच. मी सांगायचे, चढते. मग पुढे, खालच्या फांदीवर चढते. मग, जमिनीवरच पाला गोळा करून झोपते.

गेल्या वसंतात ऑलिव्हने खाणं कमी केलं. किडन्या संपत आल्या होत्या. आमच्या डॉक्टरीणबाई दोन दिवस तिला बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, त्रास वाढायच्या आत तिला शांत झोपवावं. हे आम्ही पूर्वीही केलेलं होतं. आधी खांद्यात गुंगीचं इंजेक्शन, ती झोपली की आत जाऊन शेवटचं. पहिली सुई द्यायची त्या माणसाने, ज्याच्यावर तिचा विश्वास आहे. म्हणजे मी.

ऑलिव्ह कोपऱ्यात, दाराजवळ ऊन येतं तिथे बसली होती. मी जाळीपाशी टेकले. गुडघे आता वाकत नव्हते, म्हणून बादली पालथी घालून बसले. सुई मांडीवर, दुसऱ्या हातात मनुका. डॉक्टरीणबाई आणि डार्लीन मागे.

"ऑलिव्ह, खांदा," मी म्हटलं.

तिने सुईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. उठली, दोन पावलं आली. मग ती थांबली आणि वळून परत तिच्या उन्हात जाऊन बसली. पाठ माझ्याकडे, पण लांब. हात पोहोचणार नाही इतकी लांब.

"पुन्हा सांग," डार्लीन हळू म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. ऑलिव्हने मागे वळूनही पाहिलं नाही. सबंध आयुष्यात, मला माहीत असलेल्या आणि नसलेल्या, तिने असं कधी केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाण मारता येईल. लगेच होईल."

मी बादलीवरून उठले. मला इंग्रजी नीट सुचेना. "नको," मी म्हटलं. "ती नाही म्हणतेय."

"वैशाली, तिला वेदना होतील."

"रसातून औषध द्या. ते घेईल."

त्यांनी डार्लीनकडे पाहिलं. डार्लीनने पाहिलं ऑलिव्हकडे, त्या पाठमोऱ्या, करड्या, हाडं दिसणाऱ्या म्हातारीकडे. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबू. रस घेतला तर पुढचं पुढे."

रस तिने घेतला. पेल्यातून, ओठ पुढे काढून, शेवटच्या थेंबापर्यंत. वेदनेचं औषध त्यात होतं. नंतरचे दोन दिवस तशीच घेत राहिली. आम्ही दार उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर गवतात गेली आणि ओकच्या बुंध्याशी पाला ओढत बसली. थोडा ओढायची, दमायची, पुन्हा ओढायची. घरटं काही पुरं झालं नाही. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास डार्लीनने मला हाक मारली. ऑलिव्ह अर्ध्या पाल्यावर कुशीवर होती.

आम्ही लगेच आत गेलो नाही. इतर चिंपांझींना तिच्याजवळ जाऊ दिलं. एकेक करून आले, हुंगलं, हात लावला, जवळ बसले.

दुपारी मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून काकांना फोन लावला. आधी मेधाने घेतला, मग त्यांना दिला.

"गेली का?" त्यांनीच विचारलं.

"हो काका. दुपारी. बाहेर, झाडाखाली."

"सुईने?"

"नाही." मी सगळं सांगितलं. सुई, मनुका, दोन पावलं. "दोनदा सांगितलं, पण तिने खांदा दिला नाही. पाठ फिरवून बसली. शेवटपर्यंत दिला नाही."

मला वाटलं, सांगायला नको होतं. मागे मेधा काहीतरी विचारत होती.

"नाही म्हणाली," काका म्हणाले.

"हो."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

"बरं केलं तिने," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं केलं." मग, कुठल्याही म्हाताऱ्या माणसासारखं, "वैशाली, तू जेवलीस का?"

मी नव्हते जेवले. डबा शेजारच्या सीटवर होता. त्यांनी फोन ठेवला नाही, मी डबा उघडेपर्यंत ते थांबले. मी पोळी खाल्ली, ते ऐकत होते. मग मी बूट चढवले आणि खोल्या धुवायला परत आत गेले.